पडद्याबाहेरचे काम: दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि ओटीतील परिचारिका

‘दुर्बिणीतूनच आहे ना सिस्टर, मग छोटेच ऑपरेशन,’ हे वाक्य ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर नुसती मान हलवते. छेद लहान असतात हे खरे. पित्ताशय काढण्यासाठी बेंबीपाशी १० मिलिमीटरचा एक, छातीच्या हाडाखाली तेवढाच दुसरा आणि उजव्या बरगडीखाली ५ मिलिमीटरचे दोन, असे चार छेद सहसा पुरतात, आणि सगळे सुरळीत असेल तर पेशंट एकदोन दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो. पण आत जे सोडवायचे, बांधायचे आणि कापायचे असते, ते पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत असते तेवढेच असते. फरक असा की सर्जनचा हात आत जात नाही आणि त्याची नजरही थेट आत पोहोचत नाही. हाताचे काम लांब दांड्याची हत्यारे करतात, डोळ्याचे काम दुर्बीण करते, आणि ही दोन्ही आदल्या संध्याकाळपासून परिचारिकेच्या ताब्यात असतात.

ओटीत नव्याने आलेल्या मुलींना आणि ब्रदर्सना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: टेबलाभोवतीचे सगळे जण दुर्बिणीचे चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहत असतात, म्हणून आपण पडद्यावर जे दिसत नाही त्याकडे पाहायचे. पोट उघडलेले असते तेव्हा जखम सर्वांसमोर असते आणि चूक झाली तर चार डोळ्यांपैकी कोणाच्या तरी लक्षात येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मात्र सगळे डोळे एकाच वर्तुळात अडकलेले असतात. सिलिंडरमधला गॅस, दांड्यावरचे आवरण, चादरीवर पडलेली प्रकाशाची केबल, काल धुतलेल्या हत्याराच्या सांध्यात राहिलेले रक्त, यांतले काहीच त्या वर्तुळात येत नाही.

ही स्थिती नेहमी अशी नव्हती. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहून दाखवले आणि स्वीडनच्या याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसाच्या बाबतीत तोच प्रयोग प्रसिद्ध केला, तरी पुढची कित्येक दशके दुर्बिणीला डोळा लावणारा एकटा सर्जन काय ते पाहत असे. बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढले, आणि त्याच दशकात दुर्बिणीला लहान कॅमेरा जोडता येऊ लागल्यावर आतले चित्र पडद्यावर आले. त्यानंतरच स्क्रब नर्सला, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारे देणाऱ्या परिचारिकेला, पुढचे हत्यार कोणते लागणार हे न सांगता कळू लागले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी निदानासाठी दुर्बीण १९७२ पासूनच वापरायला सुरुवात केली होती, आणि १९९० मध्ये तिथेच त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती अशी पहिली शस्त्रक्रिया होती. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होते, म्हणून पुढचे सगळे उदाहरण मी पित्ताशयाचेच घेते.

पेशंट आत येण्यापूर्वीची तयारी थोडक्यात सांगते. सर्जन पेशंटच्या डाव्या बाजूला उभा राहणार असेल, तर पडदा पेशंटच्या उजव्या खांद्याच्या दिशेला हवा. सर्जनचे डोळे, पित्ताशय आणि पडदा एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर दोन तास मान वाकडी करून काम केल्यावर त्याचा वैताग कोणावर निघतो हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे डोक्याकडची बाजू वर आणि टेबल डावीकडे कलते करायचे असते, म्हणजे आतडी आणि मेदाचा पडदा खाली सरकून पित्ताशय मोकळे होते. त्यामुळे पट्टे बांधून, टाचा आणि कोपरांखाली मऊ पॅड देऊन झाल्यावर, निर्जंतुक चादरी घालण्याआधी टेबल एकदा कलते करून पाहावे. पेशंट सरकतो का, सलाइनची नळी ताणली जाते का, हे तेव्हाच कळते. चादरीखाली गेल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

आता गॅसकडे वळते, कारण नव्या परिचारिकेला सर्वांत जास्त धास्ती त्याचीच असते आणि ती रास्त आहे. पोटाची भिंत आतल्या अवयवांपासून दूर उचलून काम करायला जागा करावी लागते आणि त्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. हवा का नाही, ऑक्सिजन का नाही, असा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात कॉटरी, म्हणजे विजेने कापण्याचे आणि रक्त थांबवण्याचे साधन, चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण. हवेतला नायट्रोजन रक्तात नीट विरघळत नाही, त्यामुळे हवेचा बुडबुडा शिरेत गेला तर तो तसाच हृदयापर्यंत जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, रक्तात चटकन विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. तो बाहेर टाकण्याचा जादा भार भूलतज्ज्ञ श्वासाचे यंत्र वाढवून उचलतात, म्हणून गॅस सुरू करताना आणि बंद करताना ते मोठ्याने सांगणे हा केवळ शिष्टाचार नाही.

मोठ्यांसाठी पोटातला दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. इन्सफ्लेटरवर, म्हणजे गॅस भरणाऱ्या यंत्रावर, ही मर्यादा आपण लावतो, त्यामुळे सकाळी यंत्र सुरू करून नळीचे टोक मोकळे असताना गॅस सोडावा आणि मग नळी हाताने मुडपून पाहावी: दाबाचा आकडा चढला पाहिजे, प्रवाह शून्यावर आला पाहिजे आणि इशाऱ्याचा आवाज झाला पाहिजे. एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीवर मी कधीच तडजोड करत नाही. यंत्र पेशंटच्या पातळीपेक्षा वर असावे आणि नळीला गाळणी असावी, म्हणजे पोटातला द्रव उलटा यंत्रात शिरत नाही.

सिलिंडरची गोष्ट मात्र मी स्वतःची फजिती होऊन शिकले. ओटीतल्या पहिल्या वर्षी मी काटा पाहिला, काटा भरल्यासारखा दिसला आणि मी निर्धास्त राहिले. पित्ताशयाच्या नळीला क्लिप लावायची वेळ आली आणि पडद्यावरचे चित्र हळूहळू आक्रसू लागले; यकृत पुढे आले, आतडी वर आली, आणि सर्जनने हत्यारे जागच्या जागी धरून ठेवली. दुसरा सिलिंडर जोडून होईपर्यंत ओटीत कोणी बोलले नाही. नंतर भूलतज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन समजावले, की ऑक्सिजनचा काटा गॅस संपेल तसा उतरत जातो, पण कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत वरच्या वायूचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो, आणि द्रव संपला की काटा झपाट्याने खाली येतो. म्हणजे काट्यावरून सिलिंडर भरला आहे की संपत आला आहे हे कळतच नाही. ते वजनावरून कळते. तेव्हापासून मी करड्या सिलिंडरला चिठ्ठी बांधून त्यावर किती केसेस झाल्या ते लिहिते, आणि भरलेला दुसरा सिलिंडर पान्यासह खोलीत असल्याशिवाय पेशंटला आत घेऊ देत नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा केला तर द्रव यंत्रात जातो, हेही त्याच दिवशी समजले.

गॅस आत जातो तो बहुधा व्हेरेसच्या सुईतून. ही सुई हंगेरीच्या यानोश व्हेरेस यांनी १९३०च्या दशकात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती. पोटासाठी ती नंतर वापरात आली. बाहेरचे टोक धारदार, आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट सळई. कठीण थरातून जाताना सळई मागे दबते आणि पोकळीत शिरताच पुढे उसळून धार झाकते. स्प्रिंग गंजली असेल किंवा आत वाळलेले रक्त असेल, तर सळई मागेच अडकते आणि ती सुई साधी सुरी होते. म्हणून सर्जनच्या हातात देण्यापूर्वी टोक ट्रॉलीवरच्या कठीण पृष्ठभागावर अलगद दाबावे, सळई आत जाऊन ‘टक्’ करून परत येते का पाहावे, आणि सिरिंजने सलाइन सोडून सुई मोकळी असल्याची खात्री करावी. सुरुवातीला प्रवाह मिनिटाला एक लिटरच ठेवायचा. सुई योग्य जागी असेल तर पहिले आकडे एक अंकी, साधारण ८ च्या आत असतात. सुरुवातीलाच दाब १५ वर गेला आणि गॅस जाईना, तर टोक चुकीच्या थरात किंवा कशाला तरी टेकलेले असू शकते. हा आकडा सर्जनला आपण वाचून दाखवायचा असतो, कारण त्याची नजर सुईवर असते. आधी शस्त्रक्रिया झालेल्या पोटात बरेच सर्जन सुई न वापरता बेंबीपाशी छोटा छेद घेऊन, डोळ्यांनी पाहत पहिला पोर्ट, म्हणजे हत्यारे आत नेण्याची नळी, घालतात. त्यासाठी लागणारे, छेद उघडा धरणारे लहान रिट्रॅक्टर ट्रॉलीवर न मागता असावेत.

गॅस भरताना पोटाचा पडदा ताणला जाऊन कधी कधी नाडी एकदम मंदावते. भूलतज्ज्ञ ‘गॅस बाहेर सोडा’ म्हणतील तेव्हा फ्लोअरवरच्या परिचारिकेचा हात थेट इन्सफ्लेटरच्या बटणावर आणि स्क्रब नर्सचा हात पोर्टच्या तोटीवर गेला पाहिजे. गॅस रक्तवाहिनीत गेल्याची शंका आली, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा अचानक कोसळला, तर गॅस बंद करून पोट रिकामे करायचे आणि पेशंटला डोके खाली ठेवून डाव्या कुशीवर वळवायचे. हे क्वचित घडते. पण घडल्यावर टेबलाचा रिमोट शोधत बसायला वेळ नसतो.

चित्राची तयारी त्यामानाने सोपी आहे. प्रकाश चालू करून दुर्बीण पांढऱ्या गॉजसमोर धरावी, कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखू द्यावा आणि त्याच गॉजच्या धाग्यांवर फोकस जुळवावा. हे न केल्यास सगळे चित्र पिवळट किंवा निळसर दिसते, आणि पित्ताचा रंग ओळखणे हा इथे जिवाचा प्रश्न असतो. थंड काच उबदार पोटात गेली की तिच्यावर दव साचते, म्हणून थर्मासमध्ये कोमट निर्जंतुक सलाइन ठेवून दुर्बीण त्यात बुडवावी आणि कोरड्या गॉजने टिपून द्यावी. दुर्बीण ३० अंशांची आहे की शून्याची, हे तिच्यावर लिहिलेले असते. हातात देताना तोंडानेही सांगावे.

धोका आहे तो प्रकाशाच्या केबलमध्ये. लोक या प्रकाशाला थंड प्रकाश म्हणतात आणि त्या नावावर विश्वास ठेवतात. ३०० वॉटच्या झेनॉन दिव्याचा प्रकाश केबलच्या टोकाशी एकवटलेला असतो, आणि दुर्बीण काढून ते टोक चादरीवर ठेवले तर काही सेकंदांत कापड तपकिरी पडू लागते. मी ते एकदा जवळून पाहिले आहे. आधी इस्त्री लागल्यासारखा वास आला, मग आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग दिसला. चादर उचलली तेव्हा सुदैवाने त्वचा नुसती लाल झाली होती. सगळे जण दुर्बीण बदलण्याच्या गडबडीत पडद्याकडे पाहत होते. दुर्बीण बाहेर आली की प्रकाश स्टँडबायवर, ही सवय त्या दिवसापासून आमच्याकडे लागली. ही केबल घट्ट गुंडाळायची नसते, कारण आतले काचतंतू तुटतात. एक टोक दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकात पाहिले, तर तुटलेले तंतू काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

कॉटरीच्या बाबतीत पडद्याबाहेरचा भाग अक्षरशः मोजता येतो. हत्याराचा दांडा साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर लांब असतो आणि पडद्यावर त्याचे शेवटचे काही सेंटीमीटर तेवढे दिसतात. उरलेल्या दांड्यावरच्या आवरणाला केसाएवढी चीर असेल, तर वीज टोकाकडे न जाता तिथूनच शेजारच्या आतड्यात उतरते. चीर जितकी बारीक, तितकी वीज एकवटते. म्हणून मोठ्या, सहज दिसणाऱ्या चिरेपेक्षा न दिसणारी चीर अधिक घातक ठरते. आतड्याचा असा भाजलेला ठिपका त्या वेळी कोणाला दिसत नाही आणि दोनचार दिवसांनी पेशंट ताप आणि पोटदुखी घेऊन परत येतो. तेव्हा हुक असो वा वाकड्या चोचीचे मेरीलँड, प्रत्येक हत्याराचे आवरण मांडणी करताना उजेडात बोट फिरवून तपासावे. तपासणीचे विजेरी उपकरण मिळत असेल तर फारच चांगले. शंका आलेले हत्यार ‘आजचा दिवस चालेल’ म्हणून ट्रॉलीवर ठेवू नये. पेशंटच्या अंगातून वीज परत नेणारी प्लेट मांडीसारख्या भरपूर स्नायू असलेल्या, कोरड्या, केस आणि व्रण नसलेल्या जागी पूर्ण चिकटवावी, आणि आत धातूचे रोपण असेल तर त्या जागेपासून दूर. पेडल सर्जनच्या पायाशी देताना रक्त थांबवण्याचे निळे कुठे, कापण्याचे पिवळे कुठे हे सांगावे, कारण तो खाली पाहणार नाही.

पोट उघडण्याचा सेट खोलीत तयार असतो, हेही इथेच सांगते. रक्तस्राव आवरेना किंवा शरीररचना स्पष्ट दिसेना तर सर्जन पोट उघडतो. तो निर्णय शहाणपणाचा असतो आणि तो घेतल्यावर मॉप, रिट्रॅक्टर आणि मोठा सक्शन काही क्षणांत हातात हवा. गॉज आणि सुयांची मोजणी लहान छेद असले म्हणून सोडता येत नाही. पोर्टमधून आत टाकलेला गॉजचा छोटा तुकडा रक्ताने भिजला की पडद्यावर यकृताच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे आत गेला की मोठ्याने ‘एक आत’ आणि आला की ‘एक बाहेर’ म्हणावे. क्लिपा किती लावल्या तेही फळ्यावर लिहावे. शेवटी पोर्ट काढण्यापूर्वी गॅस पूर्ण सोडून द्यायचा. राहिलेल्या गॅसने श्वासपटल दुखावते आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी उजवा खांदा दुखतो. ‘ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा,’ असे पेशंट घाबरून सांगतात तेव्हा वॉर्डातल्या परिचारिकेला कारण ठाऊक असले, की निम्मे दुखणे तिथेच हलके होते.

पेशंट बाहेर गेल्यावर ओटीत जे सुरू होते, ते माझ्या मते या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पोटाच्या निर्जंतुक पोकळीत जाणारे प्रत्येक हत्यार पूर्ण निर्जंतुक असले पाहिजे, हे पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. प्रत्यक्षात दिवसाला चार केसेस, हत्यारांचे संच दोन, आणि बाहेर पुढचा पेशंट उपाशी झोपलेला. मग दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या टबात वीस मिनिटे बुडवून हत्यार परत ट्रॉलीवर येते. वीस मिनिटांत बरेच जंतू मरतात, पण बीजाणू, म्हणजे जंतूंची टणक सुप्त रूपे, मरत नाहीत. त्यांच्यासाठी याच द्रावणाला दहा तास लागतात. टबावर तयार केल्याची तारीख नसेल, चौदा दिवसांचे द्रावण विसाव्या दिवशी वापरले जात असेल किंवा ओली हत्यारे टाकून ते पातळ झाले असेल, तर वीस मिनिटांचाही भरवसा नाही. चाचणीची पट्टी रोज बुडवून पाहायला एक मिनिट लागते.

याचे फळ आपल्या देशातल्या अनेक रुग्णालयांनी पाहिले आहे. जखम आठवड्यात छान भरते, टाके निघतात, आणि तीनचार आठवड्यांनी बेंबीजवळच्या व्रणाखाली गाठ येते, ती जांभळट होते आणि तिच्यातून पातळ पाणी येऊ लागते. नेहमीची प्रतिजैविके लागू पडत नाहीत. पाण्यात राहणारे, क्षयाच्या जंतूंच्या गोतातले मायकोबॅक्टेरिया तिथे वस्ती करून असतात, आणि त्यांचे काही प्रकार ग्लुटारल्डिहाइडला दाद देत नाहीत. ते येतात कुठून? बऱ्याचदा नीट न उघडलेल्या, न घासलेल्या हत्यारांतून आणि टबातून काढल्यावर ज्या पाण्याने धुतले त्या पाण्यातून. नळाचे पाणी तर नाहीच, पण पातेल्यात उकळून दिवसभर उघडे ठेवलेले पाणीही निर्जंतुक नसते. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी असे काही पेशंट महिनोन्‌महिने ड्रेसिंगला येत राहिले. त्यांतल्या एका मावशींनी मला विचारले होते, ‘एवढ्याशा भोकाला एवढे दिवस?’ मला उत्तर देता आले नव्हते.

तेव्हा पद्धत अशी ठेवावी. हत्यार बाहेर आले की रक्त वाळू न देता पाण्यात, मग एन्झाइमच्या द्रावणात ठेवावे. जी हत्यारे उघडतात ती मूठ, दांडा आणि आतली सळई असे सगळे भाग वेगळे करून, जबडा उघडून, नळीतून योग्य जाडीचा ब्रश आरपार न्यावा आणि पिचकारीने पाणी सोडावे. पहिल्यांदा ब्रश फिरवताना पाहायला मी नव्या मुलीला शेजारी उभी करते. वरून चकचकीत दिसणाऱ्या ग्रास्परच्या, म्हणजे पकडीच्या हत्याराच्या, नळीतून ब्रशच्या टोकाला कालच्या रक्ताचा काळपट धागा निघतो, आणि मग तिला परत काही सांगावे लागत नाही. धुतल्यावर नळ्या दाबाच्या हवेने कोरड्या कराव्यात, कारण ओल्या नळीत ना द्रावण नीट काम करते, ना गॅस, ना प्लाझ्मा. वाफ सोसणारी हत्यारे गुंडाळून १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली अर्धा तास ऑटोक्लेव्ह करावीत. तो सर्वांत भरवशाचा आणि स्वस्त मार्ग आहे. उष्णता न सोसणाऱ्यांसाठी इथिलीन ऑक्साइड आहे, पण त्याचा वायू उडून जाईपर्यंत कित्येक तास थांबावे लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा लवकर होते, पण त्यात कापडात किंवा साध्या कागदात गुंडाळलेले चालत नाही. द्रावणाखेरीज पर्याय नसेल, तर पूर्ण वेळ द्यावा आणि नंतर बंद बाटलीतल्या निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवावे. केसेस त्यामुळे कमी होत असतील, तर तसे लेखी कळवावे आणि आणखी एक संच मागावा. मी मागितला, दीड वर्षाने मिळाला.

दुर्बीण मी अजूनही दुसऱ्या कोणाला धुवू देत नाही, यावरून मुली मला चिडवतात. मऊ कापडाने, इतर हत्यारांपासून वेगळी, दोन हातांनी धरून धुवायची. गरम दुर्बीण थंड पाण्यात घालायची नाही, आतल्या काचेच्या सळया तडकतात. कोरडी झाली की तिला डोळा लावून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते. आकड्यांच्या कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली आली तर दांडा कुठेतरी वाकला आहे किंवा सळई तुटली आहे. सगळे घड्याळच धुक्यात असेल तर आत ओल शिरली आहे. काटे स्वच्छ दिसले की टोपी लावून ती पेटीत ठेवते, पेटीवर तारीख घालते आणि रजिस्टरमध्ये उद्याच्या पहिल्या केससमोर तिचा क्रमांक लिहिते.